वर्षाचा सर्वोत्तम स्पोर्ट्स गेम ठरवण्याआधी राउटर बंद करा

डिसेंबर आला की वर्षातल्या उत्तम स्पोर्ट्स गेमच्या याद्या सुरू होतात. चेहरे किती हुबेहूब, किती संघांचं लायसन्स, ऑनलाइन मोड किती, यावर गुण दिले जातात. आपल्याकडे गेम खेळला जातो तो वेगळ्याच पद्धतीने. रामबागेतलं जुनं घर असो की सुदामानगरातला फ्लॅट, दिवाळीत आणि मे महिन्यात पुण्या-नागपूरहून मामेभाऊ, आतेबहिणी इंदूरला येतात. मग एका टीव्हीसमोर पाच जण, कंट्रोलर दोन, आणि हरला तो उठला. चार-पाच हजारांची डिस्क वसूल होते ती याच दिवसांत.

म्हणून आमची कसोटी एकच आहे. राउटर बंद करायचा, दोन कंट्रोलर लावायचे आणि बघायचं की गेममध्ये काय उरतं. जे उरतं तेच तुम्ही विकत घेतलेलं असतं. बाकीचं कंपनीच्या सर्व्हरवर असतं आणि ते कधी काढून घ्यायचं हे तिच्या हातात असतं. बास्केटबॉलचा एनबीए २के२३ सप्टेंबर २०२२ मध्ये आला आणि ३१ डिसेंबर २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद झाले. म्हणजे जेमतेम सव्वादोन वर्षं. गाड्यांच्या शर्यतीच्या ग्रॅन टुरिस्मो ७ चं उदाहरण आणखी बोलकं आहे. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर त्याचे सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद होते आणि एकट्याने खेळायचा बहुतेक भागसुद्धा उघडत नव्हता, कारण तोही सर्व्हरला विचारूनच सुरू होतो. गेम पैसे देऊन घेतलेला, डिस्क घरात, आणि गाडी गॅरेजमध्येच.

ही कसोटी घ्यायची रीत सोपी आहे, पण क्रम चुकला तर चांगला गेमही नापास होतो. आधी नेट चालू ठेवून गेम पूर्ण इन्स्टॉल होऊ द्या. डिस्क असली तरी पहिल्या दिवसाचा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, उतरतोच. फुटबॉल किंवा क्रिकेट असेल तर ताजे संघ उतरवून सेव्ह करा, नाहीतर नेट गेल्यावर डिस्कवरचे जुने संघ समोर येतात. पीएस५ वर गेम डिजिटल घेतला असेल तर सेटिंग्जमध्ये युजर्स अँड अकाउंट्स, त्यात अदर, त्यात 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू आहे ना, ते बघा. हे बंद असेल तर नेट नसताना गेमवर कुलूप दिसतं आणि लोक गेमला दोष देतात. पीसीवर गेम निदान एकदा ऑनलाइन उघडून मेन मेनूपर्यंत जा, मग बंद करा. आता राउटरचा प्लग काढा, कन्सोल पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा आणि मेनूतला प्रत्येक मोड उघडून बघा. वीस मिनिटांत सगळं कळतं.

२०२५ मध्ये आलेल्या गेमना ही कसोटी लावली तर आमच्या मते पहिला नंबर ईए स्पोर्ट्स एफसी २६ या फुटबॉलच्या गेमचा. २६ सप्टेंबर २०२५ ला हा आला. अल्टिमेट टीम हा पॅक उघडून खेळाडू जमवायचा मोड ऑनलाइनशिवाय चालत नाही आणि त्याबद्दल आम्हाला मुळीच हळहळ नाही. त्यात जमवलेले खेळाडू पुढच्या वर्षीच्या गेममध्ये येत नाहीत, पॅकमधून काय निघेल ते नशिबावर, आणि पोरांच्या हातात आई-बाबांचं कार्ड असेल तर महिन्याअखेर घरात वाद ठरलेला. पण किक-ऑफ (सुटी मॅच) आणि करिअर (एकच संघ किंवा खेळाडू मोसमामागून मोसम चालवणं) नेटशिवाय उत्तम चालतात. या आवृत्तीत त्यांनी खेळण्याचे दोन साचे वेगळे केले, ते फार चांगलं झालं. 'कॉम्पिटिटिव्ह' वेगवान, ऑनलाइनवाल्यांसाठी. 'ऑथेंटिक' संथ, करिअरसाठी, ज्यात बॉल अडतो, बचाव जागेवर राहतो आणि गोल कमवावा लागतो. घरी खेळणाऱ्यांनी डोळे झाकून ऑथेंटिक निवडावं. एक हाफ सहा मिनिटांचा ठेवा. पाच जण रांगेत असतील तर चार मिनिटांचा, म्हणजे दर दहा-बारा मिनिटांनी रांगेतल्या एकाची पाळी येते.

नवख्या माणसाला पासिंग असिस्टेड ठेवून द्या, मुरलेल्याला सेमी. दोघांची सेटिंग वेगवेगळी ठेवता येते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि मग दहा वर्षांची भाची आठ गोलांनी हरून कंट्रोलर खाली ठेवते. कंट्रोल्सच्या पानावर प्रत्येक खेळाडूची सेटिंग वेगळी दिसते, तिथेच बदल करायचा.

पीसीवाल्यांसाठी इथे एक खोच आहे. ईएची अँटी-चीट (फसवेगिरी रोखणारी) यंत्रणा कॉम्प्युटरवर सिक्युअर बूट मागते, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. इंदूरमध्ये जेल रोडच्या आसपास सुटे पार्ट घेऊन जोडलेल्या जुन्या मशीनवर ते बऱ्याचदा बंद असतं आणि गेम सुरू होतानाच चूक दाखवून बंद पडतो. विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'एमएसइन्फो३२' टाइप करा. येणाऱ्या पानावर 'बायोस मोड' आणि 'सिक्युअर बूट स्टेट' या दोन ओळी बघा. मोड यूईएफआय असेल तर बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) जाऊन सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने सुरू व्हायची सोय, बंद करा आणि सिक्युअर बूट चालू करा. मोड लेगसी असेल तर थांबा. तुमची विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर आहे. नुसतं सिक्युअर बूट चालू केलंत तर विंडोजच उघडणार नाही. आधी सगळ्या डेटाची कॉपी, मग विंडोजचंच 'एमबीआर२जीपीटी' हे साधन वापरून डिस्क नव्या पद्धतीत बदलायची, आणि मगच बायोसला हात लावायचा. हे जमणार नसेल तर जाणकाराकडून करून घ्या. कमीत कमी ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय किंवा त्या ताकदीचं ग्राफिक्स कार्ड आणि १०० जीबी जागा लागते. त्या १०० जीबीचा हिशोबही आधी करून ठेवा. ५० एमबीपीएसचं कनेक्शन पूर्ण वेगाने चाललं तरी डाउनलोडला साडेचार तास जातात. पाहुणे सकाळी येणार असतील तर रात्रीच लावून झोपा.

आता क्रिकेट. इंदूरच्या माणसाला बाकी काही विचारायच्या आधी हेच विचारायचं असतं, आणि इथेच सर्वांत जास्त जपून राहायला हवं. क्रिकेटचे मोठे गेम करणारा स्टुडिओ सध्या मुख्यत्वे एकच, मेलबर्नचा बिग अँट. त्यांचा क्रिकेट २४ ऑक्टोबर २०२३ मध्ये आला, आणि क्रिकेट २६ नोव्हेंबर २०२५ मध्ये, ॲशेसच्या तोंडावर. या गेमबद्दल आमचं ठाम मत आहे की पहिल्या दिवशी घेऊ नये. क्रिकेट हा प्रोग्राम करायला फार अवघड खेळ आहे. बॉलचा टप्पा, पिचचा पोत, अकरा फील्डरच्या हालचाली, रनआउटचे निर्णय, डकवर्थ-लुईस, पाच दिवसांची झीज, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं. एक बिघडलं की सगळं बिघडतं, आणि पॅच येत येत महिने जातात. दुसऱ्या एका स्टुडिओचा ॲशेस क्रिकेट २०१३ तर इतक्या वाईट अवस्थेत आला होता की काही दिवसांतच तो विक्रीतून काढून पैसे परत करावे लागले.

पॅच आल्यावर गेम सुधारला का, हे तपासायला पूर्ण मॅच खेळायची गरज नाही. पाच षटकांची मॅच लावा, दोन्हीकडे कॉम्प्युटरला बॅटिंग द्या आणि स्वतः फक्त बॉलिंग करा. सहा बॉल ऑफ स्टंपच्या बाहेर, गुड लेंग्थवर टाका. कॉम्प्युटर त्यातले काही सोडतो का? सगळे मारत असेल तर टेस्ट मॅचची आशा सोडा. मग एक जाणूनबुजून फुलटॉस टाका. तो सीमापार गेला पाहिजे. मग कव्हरमध्ये बॉल ढकलला गेल्यावर फील्डर बॉलकडे सरळ धावतो की वळसा घेऊन जातो, ते बघा. शेवटी, पाठलाग करताना शेवटच्या षटकात १२ हव्या असतील तर कॉम्प्युटर मोठे फटके खेळतो की शांतपणे एकेरी धावा काढत हरतो? हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण इथे नापास होणारा गेम एकट्याने खेळायला दोन आठवड्यांत कंटाळवाणा होतो. दोन माणसं समोरासमोर असतील तर मात्र कॉम्प्युटरची अक्कल लागतच नाही. त्यामुळे ज्या क्रिकेट गेमला परीक्षणांत कमी गुण मिळतात तोही सुट्टीत घरी धमाल देतो.

बिग अँटच्या गेमचा खरा खजिना म्हणजे त्यातली अकादमी, खेळाडू, संघ आणि मैदानं बनवायची जागा. भारतीय संघाचं अधिकृत लायसन्स नसलं की खोटी नावं येतात. अकादमीत जगभरच्या लोकांनी बनवलेले संघ उतरवता येतात, 'गेट बेस्ट' हा पर्याय वापरला की सर्वांत जास्त पसंती मिळालेले आपोआप येतात. एकदा उतरवून संघाला जोडून सेव्ह केले की नेटशिवाय चालतात. फक्त हे काम करिअर सुरू करायच्या आधी करा. करिअर सुरू झाल्यावर उतरवलेले संघ त्यात शिरतीलच असं नाही.

आणि याच अकादमीत होळकरांचा संघ उभा करावा, ही आमची प्रत्येक इंदूरकराला कळकळीची विनंती. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे. या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला. १९४५-४६ च्या मोसमात म्हैसूरविरुद्ध इंदूरमध्ये ८ बाद ९१२ वर डाव घोषित केला, त्यात सहा जणांची शतकं. खेळाडू बनवताना आकडे सगळीकडे ९५ करून टाकायचा मोह आवरा. नायडूंच्या पुढे येऊन मारण्याला, उंच फटक्यांना जास्त द्या, बचावाला बेताचं. मुश्ताक अलींना चपळ पाय आणि आक्रमक वृत्ती द्या. सरवटे ऑलराउंडर, स्पिनला चांगले आकडे. सगळे सारखेच महान केले की संघ ओळखू येत नाही.

मैदानही बनवता येतं. होळकर स्टेडियमची बाउंड्री लहान आणि आउटफील्ड वेगवान आहे हे टीव्हीवर मॅच बघणाऱ्यालाही ठाऊक आहे. ८ डिसेंबर २०११ ला वीरेंद्र सेहवागने इथेच १४९ चेंडूंत २१९ केल्या होत्या. एकदिवसीय सामन्यासाठी सपाट, कडक पिच द्या. पण मार्च २०२३ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या टेस्टसारखं काही हवं असेल तर पिच कोरडी करा, झीज जास्तीत जास्त ठेवा आणि तीन स्पिनर खेळवा. ती मॅच तिसऱ्या दिवशी सकाळीच संपली होती. गेममध्येही तसंच होतं.

फोनवर खेळणारे सर्वांत जास्त, त्यांच्यासाठी थोडक्यात. रिअल क्रिकेट २४ आणि चेन्नईच्या नेक्स्टवेव्हचा वर्ल्ड क्रिकेट चॅम्पियनशिप ३, दोन्ही फुकट उतरतात. ३ जीबी रॅमच्या फोनवर ग्राफिक्स मध्यम ठेवा, नाहीतर फोन तापला की फ्रेम गळतात, म्हणजे चित्र अडखळतं, आणि टायमिंग चुकतं. मे महिन्यात दुपारी चार्जिंगला लावून खेळू नका. फोन स्वतःच वेग कमी करतो.

टायमिंगचा विषय निघालाच आहे तर टीव्हीबद्दल सांगायलाच हवं, कारण निम्म्या लोकांना गेम 'जड' वाटतो तो टीव्हीमुळे. ताशी १४० किलोमीटरचा बॉल बॉलरच्या हातातून बॅट्समनपर्यंत अर्ध्या सेकंदाच्या आत येतो. टीव्ही साध्या मोडवर असेल तर चित्र सुंदर करण्याच्या नादात तो शंभर मिलिसेकंदांपर्यंत उशीर करू शकतो. म्हणजे विचार करायला मिळालेल्या वेळातला पाचवा हिस्सा टीव्हीनेच खाल्ला. रिमोटवर पिक्चर मोडमध्ये जाऊन 'गेम' निवडा, मोशन स्मूदिंग बंद करा. काही टीव्हींवर ही सोय ठरावीक एचडीएमआय पोर्टवरच असते, तेव्हा टीव्हीच्या मागे काय लिहिलंय ते वाचा. 'ऑटो लो लेटन्सी मोड' असेल तर कन्सोल लागला की टीव्ही स्वतः बदलतो. हे केल्यावर जुनाच गेम नवा वाटतो, आणि कोणता गेम चांगला हे ठरवायचं असेल तर ते यानंतरच ठरवा.

एनबीए २के२६ मध्ये तर यावरच सगळं आहे. शॉटचं बटण नेमक्या क्षणी सोडलं की मीटर हिरवं होतं. उशीर करणाऱ्या टीव्हीवर ते कधीच होत नाही आणि माणूस गेमला शिव्या घालतो. सेटिंगमध्ये शॉट टायमिंगचा व्हिज्युअल क्यू, म्हणजे बटण कधी सोडायचं ती खूण, बदलता येतो. नवख्यांनी 'रिलीज'वरून 'पुश'वर यावं, हात आधी सुटतो. खेळण्याच्या कसबात हा गेम २०२५ चा सर्वांत खोल आहे, यात शंका नाही. पण 'द सिटी' हा त्यातला ऑनलाइन भाग नेटशिवाय बंद, आणि तिथे आपला खेळाडू वर न्यायला गेमचं चलन लागतं, जे मिळवायला एकतर तासन्‌तास खेळा नाहीतर खरे पैसे द्या. त्यामुळे तो आमच्या यादीत तिसरा. घ्यायचाच असेल तर माय-एनबीए या मोडसाठी घ्या. १९८३ च्या मॅजिक-बर्डच्या काळापासून सुरुवात करून एक संघ वर्षानुवर्षं चालवता येतो, तेही ऑफलाइन.

दुसरा नंबर एफ१ २५ चा. ३० मे २०२५ ला आला. यात एका टीव्हीवर स्क्रीन दुभागून दोघं शर्यत लावू शकतात, आणि माय टीममध्ये आता मालक म्हणून दोन ड्रायव्हर सांभाळायचे असतात. स्टिअरिंग व्हील नसेल तरी बिघडत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल 'मीडियम', एबीएस चालू, गिअर ऑटोमॅटिक आणि वाट दाखवणारी रेषा फक्त वळणांवर, इथून सुरुवात करा. कंट्रोलरवर गाडी सरळ रस्त्यावर डुलत असेल तर कॅलिब्रेशनमध्ये स्टिअरिंग लिनिअ‍ॅरिटी वाढवा. मधल्या भागात स्टिक मवाळ होते. कॉम्प्युटर ड्रायव्हरांची ताकद ० ते ११० असते. पात्रता फेरीत सहज पहिले येत असाल तर पाच-पाचने वाढवत जा. स्क्रीन दुभागल्यावर मात्र चाळीस इंचांपेक्षा लहान टीव्हीवर ब्रेक कुठे मारायचा ते दिसत नाही. ईएने २०२६ साठी वेगळा गेम न काढता यालाच जोड द्यायचं जाहीर केलंय, म्हणजे ही डिस्क एका वर्षात शिळी होणार नाही. आमच्या मते विकत घ्यायला हे मोठं कारण आहे.

टोनी हॉक्स प्रो स्केटर ३+४ हा स्केटबोर्डिंगचा गेम जुलै २०२५ मध्ये आला, दोन-दोन मिनिटांच्या फेऱ्या, पाळीपाळीने खेळायला फार छान. डब्ल्यूडब्ल्यूई २के२५ ला कुस्ती म्हणावं की नाही, यावर आखाड्यात जाणारे आजोबा काय म्हणतील ते म्हणोत, पण चौघं एकाच वेळी एका टीव्हीवर खेळू शकतात असे गेम आता फार उरलेले नाहीत. पैसे खर्चायचेच नसतील तर रॉकेट लीग, म्हणजे गाड्यांनी खेळायचं फुटबॉल. २०२० पासून फुकट, चार जणांपर्यंत स्क्रीन वाटून खेळता येतं. रीमॅच मात्र घरच्या गोतावळ्यासाठी घेऊ नका. एकाच खेळाडूच्या पाठीमागून दिसणारं फुटबॉल, ऑफसाइड नाही, फाउल नाही, संकल्पना फार सुंदर. पण तो ऑनलाइन आहे आणि एका टीव्हीवर एकच जण खेळतो. बाकीचे चौघं बघत बसतात.

दोन गोष्टी गेमच्या बाहेरच्या. पावसाळ्यात वीज क्षणभर जाऊन येते तेव्हा साधा इन्व्हर्टर चालू व्हायला जेवढा वेळ घेतो तेवढ्यात कन्सोल बंद पडतो, आणि नेमकं सेव्ह होत असेल तर करिअरची फाइल खराब होते. इन्व्हर्टरवर यूपीएस मोड असेल तर तो लावा. करिअरचे सेव्ह दोन ठेवा, आलटून पालटून. दुसरं, कंट्रोलर. स्टिक सोडल्यावरही खेळाडू हळूहळू एका बाजूला चालायला लागला तर स्टिकची हालचाल मोजणारा आतला पोटेन्शिओमीटर झिजलाय. डेडझोन, म्हणजे स्टिकच्या मधल्या ज्या हालचालीकडे गेम लक्ष देत नाही तो भाग, थोडा वाढवून काही महिने निघतात. नवा घ्यायचा झाला आणि पीसीवरच खेळायचं असेल तर हॉल इफेक्ट स्टिकचा बघा, त्यात चुंबकाने मोजणी होते, घासत नाही. लोकांकडे दुसरा कंट्रोलर पहिल्याच्या निम्म्या दर्जाचा असतो आणि पाहुण्याला तोच दिला जातो. मग मॅच बरोबरीची कशी होणार?

घेताना शक्यतो डिस्क घ्या, ड्राइव्ह असलेला कन्सोल असेल तर. खेळून झाल्यावर विकता येते, मित्राकडून बदलून घेता येते. स्लिम पीएस५ ला नंतर ड्राइव्ह जोडत असाल तर पहिल्या जोडणीला नेट लागतं, हे लक्षात असू द्या. वापरलेली डिस्क घेताना खालची बाजू उजेडात तिरकी धरून बघा. बारीक ओरखडे चालतात, गोलाकार खोल चर नको. आणि खोक्यातलं बोनस कोडचं चिटोरं आधीच वापरलेलं असणार असं धरूनच भाव करा.

पीसीवर स्टीमवरून घेतलंत तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. वर सांगितलेली कसोटी त्या दोन तासांत आरामात बसते, फक्त मेनूत घालवलेला वेळही त्यात धरला जातो. ईए प्लेचं सदस्यत्व असेल तर त्यांच्या नव्या गेमची दहा तासांची ट्रायल मिळते, ती आधी वापरा. प्लेस्टेशनवर मात्र डाउनलोड सुरू केलं की परतीचा रस्ता साधारणपणे बंद. फुटबॉलचा गेम सप्टेंबरअखेर येतो आणि नोव्हेंबरच्या सेलमध्ये त्याची किंमत चांगलीच उतरते, तेव्हा दिवाळीत घरी गोतावळा नसणार असेल तर तेवढे आठ आठवडे थांबा.